रिमोट नक्की कुणाचा?

२०१७ साली मी इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला होतो. त्या उन्हाळ्यात आजोबांना अर्धांगवायूचा झटका आला आणि त्यांचा उजवा हात लुळा पडला. डाव्या हाताने जेवायची सवय त्यांनी कुरकुर न करता लावून घेतली. चिडायचे ते फक्त रिमोटवर. टीव्हीचा एक, सेट-टॉप बॉक्सचा दुसरा, स्पीकरचा तिसरा. संध्याकाळी सातच्या बातम्या लावायच्या म्हणजे रोजची परीक्षा. एकदा वैतागून म्हणाले, "एवढं शिकतोयस ना? मग या तिघांचा एक करून दे."

त्याच दिवाळीत मामाने अमेरिकेहून येताना वापरलेला एक हार्मनी रिमोट आणला. मुळात ही कॅनडातल्या एका छोट्या कंपनीची कल्पना. २००४ साली लॉजिटेकने ती कंपनीच विकत घेतली. 'टीव्ही बघा' हे एक बटण दाबलं, की हा रिमोट तिन्ही यंत्रांना पाठोपाठ हुकूम सोडतो. पण त्याला आधी कॉम्प्युटरला जोडून शिकवावं लागतं आणि कंपनीचं सॉफ्टवेअर फक्त विंडोज आणि मॅकसाठी. माझ्या लॅपटॉपवर उबंटू. शोधता शोधता कॉन्कॉर्डन्स नावाचं ओपन-सोर्स सॉफ्टवेअर सापडलं, आणि त्याच्या मागोमाग रिमोटचा सगळा इतिहास.

हा इतिहास म्हणजे खरं तर एका गुपिताचा प्रवास आहे. १९५६ साली अमेरिकेतल्या झेनिथ कंपनीने रॉबर्ट अ‍ॅडलर यांचा 'स्पेस कमांड' हा रिमोट बाजारात आणला, त्यात लपवण्यासारखं काहीच नव्हतं. बटण दाबलं की आतली इवलीशी हातोडी अ‍ॅल्युमिनियमच्या दांडीवर आपटायची आणि माणसाला ऐकू न येणारा सूर निघायचा. एका दांडीचा एक सूर, एका सुराचं एक काम. बॅटरीसुद्धा लागत नव्हती.

पुढे इन्फ्रारेड आलं आणि सुराची जागा आकड्याने घेतली. रिमोटच्या टोकाचा एलईडी सेकंदाला साधारण ३८,००० वेळा लुकलुकतो. हे लुकलुकणं ठरावीक अंतराने थांबवून शून्य आणि एक लिहिले जातात. जपानच्या एनईसी कंपनीच्या पद्धतीत असे ३२ बिट जातात: आधी यंत्राचा पत्ता, मग हुकूम, आणि चूक होऊ नये म्हणून दोन्ही उलटे करून पुन्हा एकदा. फिलिप्सच्या आरसी-५ पद्धतीत १४ बिट, आणि वेगही वेगळा. प्रत्येक कंपनीची बोली निराळी, म्हणून आपल्या टीपॉयवर रिमोटची जत्रा.

अ‍ॅपल सोडल्यानंतर स्टीव्ह वॉझ्नियॅक यांनी यावरच काम केलं. १९८७ साली त्यांच्या कंपनीने 'कोअर' हा रिमोट आणला. दुसरा रिमोट त्याच्यासमोर धरून बटण दाबायचं. तो ऐकायचा, लक्षात ठेवायचा आणि तेच पुन्हा बोलून दाखवायचा. नंतर अमेरिकेतल्या काही हौशी मंडळींच्या लक्षात आलं, की 'वन फॉर ऑल' रिमोटच्या बॅटरीच्या कप्प्यात सहा जोडण्या आहेत आणि सर्किटवर त्यांच्याजवळ 'जेपी१' असं छापलंय. त्यांतून रिमोटची मेमरी वाचता येत होती, बदलताही येत होती. मंडळींनी केबल बनवली, 'रिमोटमास्टर' नावाचं सॉफ्टवेअर लिहिलं आणि सगळ्यांसाठी खुलं केलं.

हार्मनीची वाट मात्र उलटी होती. तुमच्या घरात कोणती यंत्रं आहेत ते कंपनीच्या वेबसाइटवर भरायचं. रिमोटसाठी लागणारी फाइल तिथल्या सर्व्हरवर तयार होणार. ती उतरवून रिमोटमध्ये घालायचं शेवटचं काम तेवढं कॉन्कॉर्डन्स करायचं. रिमोटशी यूएसबीवरून बोलायचं कसं, हे शोधून काढून त्या लोकांनी अर्धा दरवाजा उघडला होता. उरलेला अर्धा कंपनीकडेच होता.

मी दोन रिमोट तोंडाला तोंड लावून सेट-टॉप बॉक्सची बटणं हार्मनीला शिकवली. आमच्या हॉलमध्ये पकडलेला तो संकेतही आधी कंपनीच्या वेबसाइटवर गेला आणि मग फाइलमध्ये बसून आमच्या घरी परत आला. तेव्हा मला त्यात काही वावगं वाटलं नाही. सातला पाच कमी असताना आजोबांनी डाव्या अंगठ्याने एक बटण दाबलं आणि बातम्या लागल्या. मला तेवढं पुरे होतं.

एप्रिल २०२१ मध्ये लॉजिटेकने हार्मनी रिमोट बनवणं थांबवल्याचं जाहीर केलं. जुन्या ग्राहकांची सेवा चालू राहील, असंही सांगितलं. मी आजोबांना बातमी वाचून दाखवली. त्यांनी विचारलं, "सेवा म्हणजे कुठवर?" मी निर्धास्त होतो, कारण कॉन्कॉर्डन्सने रिमोटमधली फाइल लॅपटॉपवर उतरवून ठेवली होती. पण पुढच्याच वर्षी केबलवाल्याने सेट-टॉप बॉक्स बदलून दिला आणि त्यासाठी ती फाइल कुचकामी ठरली. नवी हवी तर पुन्हा सर्व्हरच्या दारात. उंटावरून शेळ्या हाकत होतो खरे, पण उंट दुसऱ्याचा होता.

मग कॉलेजच्या प्रोजेक्टचा डबा काढला. एक आर्डुइनो, एक टीएसओपी१७३८ सेन्सर, एक इन्फ्रारेड एलईडी. केन शिरिफ यांनी २००९ साली आर्डुइनोसाठी लिहिलेली आयआररिमोट ही खुली लायब्ररी घेतली. नव्या बॉक्सचा रिमोट सेन्सरसमोर धरून बटण दाबलं, तर स्क्रीनवर आठ अक्षरी हेक्साडेसिमल आकडा उमटला. हेच ते ३२ बिट. कुणाची वेबसाइट नाही, की लॉगिन नाही. एकेका बटणाचा आकडा मी साध्या टेक्स्ट फाइलमध्ये उतरवला आणि एका मोठ्या लाल बटणाला तिन्ही यंत्रांचे हुकूम जोडून दिले.

आजोबा खाटेवरून बघत होते. "हे सगळं आता कुठे आहे?"

"माझ्या लॅपटॉपमध्ये."

"आणि तो बिघडला तर?"

त्यांनी उशाखालची हिशेबाची वही मागवली. मी एकेक आकडा वाचत गेलो आणि ते डाव्या हाताने, वेड्यावाकड्या अक्षरांत उतरवत गेले. पहिल्या ओळीत 'चालू-बंद', पुढे आठ अक्षरं. दुसऱ्या ओळीत 'आवाज मोठा', पुढे आठ अक्षरं. पानभर झाल्यावर त्यांनी खाली तारीख घातली आणि वही परत उशाखाली ठेवली.