एम प्रथिन (करोना विषाणूचे पटल प्रथिन)

करोना विषाणूच्या बाह्य आवरणात सर्वाधिक संख्येने आढळणारे प्रथिन. विषाणूला आकार देणे आणि त्याचे इतर भाग एका जागी आणून जुळवणे ही त्याची मुख्य कामे. कोविड-19 घडवणाऱ्या सार्स-कोव्ह-2 विषाणूतील एम प्रथिन 222 अमिनो आम्लांचे असून एका विषाणुकणात त्याचे अंदाजे 2000 रेणू असतात. ते मेदाच्या आवरणातून तीनदा आरपार जाते. त्याचे छोटे टोक बाहेर राहते, मोठा भाग आत. हे रेणू जोडीजोडीने राहतात. कर्जत-खालापूरच्या वाड्यांमध्ये कारवीच्या काठ्या एकमेकींत गुंतवून घराचा कूड उभा करतात, तशी या जोड्यांची वीण विषाणूचे आवरण पेलते.

एवढ्या संख्येने असूनही हे प्रथिन नजरेत भरत नाही. पुण्यातील राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेने (स्थापना 1952) भारतातील पहिल्या कोविड रुग्णाच्या घशातील स्रावाचा नमुना 2020 मध्ये इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला. हा रुग्ण केरळमधील होता. निदान 30 जानेवारीचे. शास्त्रज्ञांना अवघे सात कण सापडले. त्यांतील एक चांगला टिकलेला होता, व्यास सुमारे 75 नॅनोमीटर. जड धातूच्या क्षाराने भोवताल गडद केल्यावर कणाच्या कडेला गोल टोकाचे काटे उठून दिसले आणि त्यांवरूनच हा करोना विषाणू असल्याची ओळख पटली. जे आवरण या काट्यांना धरून ठेवते त्यातले एम प्रथिन अशा चित्रात वेगळे दिसत नाही. त्यामुळे त्याचे काम शोधायला निराळे मार्ग लागले.

पहिला महत्त्वाचा धागा उंदरांच्या यकृतदाह विषाणूत मिळाला. हाही करोना कुळातलाच. त्या काळी एम प्रथिनाला ई1 आणि काटेरी प्रथिनाला ई2 म्हणत. विषाणुशास्त्रज्ञ कॅथरिन होम्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी संसर्ग झालेल्या पेशींना ट्युनिकामायसिन हे प्रतिजैविक दिले. त्याने काटेरी प्रथिनावर शर्करा चढवण्याची क्रिया अडते. 1981 मध्ये प्रसिद्ध झालेला निष्कर्ष आजही थक्क करतो: विषाणुकण तयार होतच राहिले, पण त्यांच्यावर काटे नव्हते. असे कण संसर्ग करू शकत नव्हते. म्हणजे पेशीत शिरायला काटे हवेत, पण कण घडायला नकोत.

मग कण घडवते कोण? याचे उत्तर 1996 मध्ये नेदरलँड्समधील उट्रेख्टच्या गटाने दिले. त्यांनी उलट वाट धरली. विषाणू मोडून पाहण्याऐवजी निरनिराळ्या प्रथिनांची जनुके पेशीत घालून काय तयार होते ते पाहिले. एम आणि ई (आवरणातलेच आणखी एक छोटे प्रथिन) ही दोन प्रथिने एकत्र आली की जनुकीय द्रव्याशिवायही विषाणूसारखे पोकळ कण बाहेर पडत. ही जुळणी पेशीच्या बाह्य पटलावर होत नाही; ती आतच, आंतर्द्रव्यजालिका आणि गॉल्जी पिंड यांच्यामधल्या भागात होते.

हीच युक्ती कोविडच्या साथीत कामी आली. अमेरिकेत 2021 मध्ये जीवरसायनशास्त्रज्ञ जेनिफर डाउडना यांचा सहभाग असलेल्या गटाने चारही रचनात्मक प्रथिनांपासून (काटेरी, एम, ई आणि जनुकीय द्रव्याला गुंडाळणारे एन) कण घडवले आणि त्यांत विषाणूच्या जनुकसंचाऐवजी प्रकाश देणाऱ्या प्रथिनाचा संदेश भरला. कण पेशीत शिरला की पेशी प्रकाशमान होते; किती कण शिरले ते प्रकाश मोजून कळते. खरा विषाणू न हाताळता त्यातील बदल तपासता येतात, हे या पद्धतीचे मोठेच देणे आहे.

असे बदल एम प्रथिनातही होतात. महाराष्ट्रात दुसऱ्या लाटेत पसरलेल्या डेल्टा प्रकारात त्याच्या 82व्या जागी आयसोल्युसिनऐवजी थ्रिओनिन आले होते. चर्चा मात्र काटेरी प्रथिनातील बदलांचीच झाली.

शरीराची प्रतिकारशक्ती एम प्रथिनाकडे दुर्लक्ष करत नाही. कॅलिफोर्नियातील ला होया येथे 2020 मध्ये झालेल्या अभ्यासात, बऱ्या झालेल्या रुग्णांच्या सीडी4 टी पेशींच्या (प्रतिकारशक्तीच्या मदतनीस पेशींच्या) प्रतिसादात काटेरी, एम आणि एन या तिन्ही प्रथिनांचा प्रत्येकी 11 ते 27 टक्के वाटा आढळला. याच ठिकाणी आपल्याकडील दोन लसींमधला फरक ध्यानात येतो. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची कोविशील्ड शरीराला फक्त काटेरी प्रथिनाची ओळख करून देते. राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेने वेगळ्या केलेल्या विषाणूपासून भारत बायोटेकने बनवलेल्या कोव्हॅक्सिनमध्ये अख्खा निष्क्रिय विषाणू असतो, म्हणून त्यात एम प्रथिनही असते.

प्रथिनाची सविस्तर त्रिमितीय रचना 2022 मध्ये क्रायो-इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने स्पष्ट झाली. ती विषाणूच्याच ओआरएफ3ए या, आयनांची वाहिनी मानल्या गेलेल्या प्रथिनाशी मिळतीजुळती निघाली. त्यामुळे एम प्रथिनही अशी वाहिनी असेल का, हे कॅलिफोर्नियातील बर्कली येथील गटाने तपासले. तसे काम आढळले नाही. लांब आणि आखूड अशी त्याची दोन रूपे असतात. या रूपांवरच औषधसंशोधकांची नजर गेली. 2025 मध्ये ‘नेचर’मध्ये दोन रेणूंची माहिती प्रसिद्ध झाली. त्यांपैकी सीआयएम-834 एम प्रथिनाला आखूड रूपात जखडून ठेवतो, तर जेएनजे-9676 दोन्हींच्या मधल्या एका रूपात. दोन्हींमुळे नव्या विषाणूंची जुळणी अडते. हॅम्स्टरवरील प्रयोगांत दोन्ही रेणूंनी फुफ्फुसांतील विषाणूचे प्रमाण घटवले.