थंड शहरातील गारव्याची किंमत : मिनीॲपोलिसमधील घरगुती वातानुकूलन आणि त्याची दुरुस्ती

अमेरिकेच्या मिनेसोटा राज्यातील मिनीॲपोलिस हे शहर हिवाळ्याच्या कडाक्यासाठी प्रसिद्ध असले, तरी समुद्रापासून दूर, खंडाच्या मध्यभागी वसल्यामुळे तेथील उन्हाळाही काही दिवस तितकाच तीव्र असतो. २१ जानेवारी १८८८ रोजी तेथे उणे ४१ अंश फॅरनहाइट (सुमारे उणे ४०.६ अंश सेल्सियस) इतके तापमान नोंदले गेले, तर १४ जुलै १९३६ रोजी पारा १०८ अंश फॅरनहाइटवर, म्हणजे ४२ अंश सेल्सियसच्या वर गेला. अशा शहरात घरोघरी वातानुकूलन यंत्र असते, पण ते वर्षातील बहुतेक काळ बंद असते, आणि त्यामुळे त्याच्या दुरुस्तीचे अर्थशास्त्र उष्ण प्रदेशांहून वेगळे घडले. दुरुस्तीच्या बिलात मेकॅनिकचा वेळ, बदललेला सुटा भाग आणि भरलेला गॅस असे तीन घटक असतात. या तिन्हींना स्वतंत्र इतिहास आहे, आणि थंड शहरात या तिन्हींचा भार वापराच्या मोजक्याच तासांवर पडतो.

हा असमतोल ‘अंश-दिवस’ या एककाने मोजता येतो. दिवसाचे सरासरी तापमान ६५ अंश फॅरनहाइटपेक्षा (सुमारे १८ अंश सेल्सियस) जितके कमी, तितके त्या दिवसाचे तापनाचे अंश, आणि जितके अधिक, तितके शीतनाचे अंश, असा हिशेब करून वर्षभराची बेरीज घेतली, तर मिनीॲपोलिसमध्ये तापनाचे अंश-दिवस सात हजारांहून अधिक भरतात आणि शीतनाचे हजाराच्या आतच राहतात. तेथे घराला ऊब देणारी भट्टी जगण्यासाठी अपरिहार्य असते, तर गारवा देणारे यंत्र दीर्घकाळ चैनीची वस्तू मानले गेले.

तरीही घरगुती वातानुकूलनाच्या इतिहासात या शहराचे स्थान आरंभीचेच आहे. विलिस कॅरिअर या अभियंत्याने १९०२ मध्ये ब्रुकलिनमधील एका छापखान्यासाठी हवेतील दमटपणा नियंत्रित करणारी यंत्रणा आखली. तिचा हेतू माणसांना गारवा देण्याचा नसून कागद आकुंचन-प्रसरण पावू न देण्याचा होता. पुढे १९१४ मध्ये चार्ल्स गेट्स या धनिकाच्या मिनीॲपोलिसमधील प्रासादात सुमारे सात फूट उंच, सहा फूट रुंद आणि वीस फूट लांब असे शीतनयंत्र बसवले गेले आणि तो प्रासाद जगातील पहिले वातानुकूलित घर मानला जातो. गेट्स यांचे निधन १९१३ मध्येच झाले होते, त्यामुळे ते यंत्र प्रत्यक्षात वापरले गेले नसावे असा समज आहे. १९३३ मध्ये तो प्रासाद पाडण्यात आला. एवढे अवजड यंत्र घरात ठेवायचे, तर त्याच्या देखभालीसाठी कारखान्यातील यंत्रांची सवय असलेला माणूसच हवा, म्हणून या टप्प्यावर दुरुस्ती हा सामान्य गृहस्थाच्या खर्चाचा विषयच नव्हता.

तो विषय सामान्यांपर्यंत पोहोचण्यासाठी आधी शीतक बदलावे लागले. शीतक म्हणजे नळ्यांतून फिरत राहून घरातील उष्णता शोषणारा आणि ती बाहेर सोडणारा पदार्थ. व्यवहारात त्यालाच ‘गॅस’ म्हणतात. सुरुवातीला अमोनिया, सल्फर डायऑक्साइड आणि मिथिल क्लोराइड हे विषारी पदार्थ वापरले जात आणि गळती झाल्यास घरातील माणसांच्या जिवाला धोका असे. १९२८ मध्ये टॉमस मिजली व त्यांच्या सहकाऱ्यांनी फ्रेऑन या बिनविषारी, न पेटणाऱ्या शीतकवर्गाचा शोध लावला, आणि दुसऱ्या महायुद्धानंतर खिडकीत बसणारी स्वस्त यंत्रे बाजारात आल्यावर वातानुकूलन मध्यमवर्गाच्या आवाक्यात आले.

याच काळात कॉम्प्रेसरची, म्हणजे शीतकावर दाब देणाऱ्या भागाची, रचना पालटली. जुना कॉम्प्रेसर बाहेरच्या मोटरला पट्ट्याने जोडलेला असे. त्यातून गॅस गळण्याचा संभव अधिक होता, पण मेकॅनिक तो उघडून झडपा आणि बेअरिंग बदलू शकत असे. नव्या रचनेत मोटर आणि कॉम्प्रेसर पोलादी कवचात एकत्र बंद करण्यात आले, त्यामुळे गळती घटली, परंतु आतील मोटर जळाली तर संपूर्ण कॉम्प्रेसर बदलण्यावाचून मार्ग उरला नाही. कपॅसिटर किंवा कॉन्टॅक्टरसारखा बाहेरचा विद्युत-भाग निकामी झाला तर थोडक्यात भागते, मात्र बंद कवचातील बिघाड नव्या यंत्राचा विचार करायला लावतो. दुरुस्तीच्या खर्चातील ही मोठी दरी या रचनेतून निर्माण झाली.

महायुद्धोत्तर उपनगरांत घर गरम करणारी भट्टी पंख्याने गरम हवा पत्र्याच्या वाहिन्यांतून खोल्यांत सोडत असे, आणि त्याच वाहिन्यांत गार हवा सोडण्यासाठी भट्टीच्या माथ्यावर बाष्पक, म्हणजे उष्णता शोषणारी वेटोळी, बसवण्याची पद्धत रूढ झाली. तापनियंत्रणाचा व्यवसाय या शहराला नवा नव्हता, कारण ॲल्बर्ट बुट्झ यांनी १८८५ मध्ये येथेच कोळशाच्या भट्टीची झडप आपोआप उघडणारे साधन तयार केले होते आणि त्या परंपरेतून वाढलेल्या हनीवेल कंपनीने १९५३ मध्ये सुप्रसिद्ध गोल तापनियंत्रक बाजारात आणला. भट्टी आणि एसी यांचा पंखा एकच असल्याने दोहोंची दुरुस्ती एकाच मेकॅनिककडे गेली. याउलट वाफेच्या किंवा गरम पाण्याच्या रेडिएटरवर चालणाऱ्या जुन्या घरांत वाहिन्याच नव्हत्या, म्हणून तेथे खिडकीतील यंत्रावर भागवावे लागले किंवा भिंती फोडून वाहिन्या घालण्याचा मोठा खर्च सोसावा लागला.

मेकॅनिकच्या वेळेची किंमत हंगामाने ठरवली. यंत्र सात-आठ महिने बंद असते, त्या काळात शीतक कॉम्प्रेसरच्या तेलात मिसळून राहते आणि ते बाहेर न काढता यंत्र सुरू केल्यास द्रवरूप शीतक झडपांवर आदळून त्या मोडू शकतात. हे टाळण्यासाठी अनेक यंत्रांत तेल गरम ठेवणारा छोटा हीटर असतो. जूनमध्ये कॉटनवुड वृक्षांच्या कापसासारख्या बिया बाहेरच्या संघनकाच्या, म्हणजे उष्णता बाहेर टाकणाऱ्या वेटोळीच्या, पात्यांत अडकतात आणि हवेचा मार्ग बंद करतात. बाहेर थंडी असताना यंत्र नीट तपासता येत नाही, त्यामुळे बिघाड पहिल्या उकाड्यातच उघडकीस येतात, साऱ्या शहराची मागणी त्याच आठवड्यात उसळते, आणि रात्रीच्या किंवा सुट्टीच्या दिवशीच्या कामाला वाढीव दर द्यावा लागतो. वसंतात करून घेतलेली साफसफाई हा या खर्चावरचा एक उपाय आहे.

तिसऱ्या घटकाला, म्हणजे गॅसला, कायद्याने किंमत दिली. पूर्वी नळी उघडून उरलेला गॅस हवेत सोडणे ही नित्याची रीत होती आणि त्याची किंमत कोणाच्याही बिलात दिसत नसे. ती ओझोनच्या थराने मोजली. त्या थराच्या रक्षणासाठी झालेल्या सप्टेंबर १९८७ मधील माँट्रिअल करारानंतर अमेरिकेत १ जुलै १९९२ पासून असा गॅस सोडण्यावर बंदी आली, नोव्हेंबर १९९४ पासून मेकॅनिकला प्रमाणपत्र आवश्यक ठरले, आणि घरगुती यंत्रांतील आर-२२ या शीतकाचे नवे उत्पादन व आयात २०२० च्या आरंभी थांबली. त्याच्या जागी आलेल्या आर-४१०ए ला बराच अधिक दाब आणि वेगळे तेल लागते, म्हणून जुन्या यंत्रात ते भरता येत नाही. जुना गॅस दुर्मीळ आणि महाग होत गेला, तशी साधी गळतीही यंत्र बदलण्याचे कारण ठरू लागली. आता हवामानाच्या कारणास्तव आर-४१०ए देखील मागे पडत असून आर-३२ आणि आर-४५४बी ही किंचित ज्वलनशील शीतके येत आहेत, आणि ती हाताळण्यासाठी मेकॅनिकला नवे शिक्षण व नवी उपकरणे लागतात.

या खर्चाकडे केवळ चैनीचा खर्च म्हणून पाहणे १९९५ नंतर कठीण झाले. त्या वर्षीच्या जुलैत शिकागो या दुसऱ्या थंड शहरात उष्णतेच्या लाटेने सातशेहून अधिक बळी घेतले आणि त्यांत एकट्या राहणाऱ्या वृद्ध व गरीब नागरिकांचे प्रमाण मोठे होते. जुलै २०११ मध्ये मिनेसोटातील मूरहेड येथे दवबिंदू, म्हणजे हवेतील बाष्प द्रवरूप होण्याचे तापमान, ८८ अंश फॅरनहाइटपर्यंत पोहोचला. अशा दमट हवेत घाम नीट वाळत नाही आणि शरीराला स्वतःला थंड ठेवणे कठीण जाते. थंड शहरातील घरे ऊब कोंडून ठेवण्यासाठी बांधलेली असल्यामुळे तेथील रहिवाशाला अशा थोड्या दिवसांचा धोका अधिकच असतो, आणि त्या दिवसांत बंद पडलेले यंत्र दुरुस्त करण्याची ऐपत असणे हा आरोग्याचा प्रश्न ठरतो.

पुढील मार्ग या इतिहासातूनच सूचित होतो. उष्मापंप म्हणजे शीतकाचा प्रवाह उलटवून हिवाळ्यात बाहेरची उष्णता आत आणणारे यंत्र. तीव्र थंडीतही चालणारे असे पंप आता उपलब्ध असून मिनेसोटातील घरांतही ते बसू लागले आहेत. एकच यंत्र दोन्ही ऋतूंत राबल्यास त्याची झीज वाढेल हे खरे, पण त्यावरील खर्च मोजक्या आठवड्यांऐवजी वर्षभराच्या उपयोगावर विभागला जाईल आणि मेकॅनिकचे कामही हंगामाच्या चढउतारांतून काहीसे सुटेल. मात्र सुरुवातीच्या मोठ्या खर्चाची आणि प्रशिक्षित मेकॅनिकची तरतूद अल्प उत्पन्नाच्या घरांसाठीही सार्वजनिक पातळीवर झाली नाही, तर गारवा पुन्हा ऐपतवाल्यांपुरताच उरेल. म्हणून नवे यंत्र बसवण्याला अर्थसाहाय्य देणाऱ्या प्रत्येक योजनेत त्याच्या दुरुस्तीचाही वाटा ठेवणे आवश्यक आहे.