चुन्याच्या निवळीपासून कॅल्शियम रिॲक्टरपर्यंत : काचेतील प्रवाळांच्या भुकेचा इतिहास

(१)
१८४६ साली इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरील टॉर्की येथे ॲना थिन यांना जिवंत प्रवाळे दिसली. त्यांनी ती बरणीत घालून लंडनला आणली आणि जागची हलू नयेत म्हणून सुईदोऱ्याने स्पंजवर टाचली. पाण्यात हवा मिसळावी यासाठी त्यांची मोलकरीण रोज अर्धा-पाऊण तास खिडकीपाशी उभी राहून ते पाणी एका भांड्यातून दुसऱ्यात ओतत असे. पुढच्या वर्षी त्यात समुद्री शैवाल आले. प्रवाळे सुमारे तीन वर्षे जगली. या यशाचे निम्मे श्रेय त्या मोलकरणीच्या दंडांना द्यावयास हवे.

(२)
ती प्रवाळे थंड पाण्यातील, एकेकटी राहणारी आणि संथ वाढीची होती. उष्ण कटिबंधातील भित्ती बांधणाऱ्या प्रवाळांची गोष्ट निराळी. ती अहोरात्र घर बांधतात आणि त्या घराची वीट असते कॅल्शियम कार्बोनेटची. एक लिटर समुद्राच्या पाण्यात कॅल्शियम असते सुमारे ४०० मिलिग्रॅम. समुद्राला ते देणे जड नाही. काचेच्या टाकीतील साठा मात्र लवकर आटतो. त्यामुळे दीर्घकाळ रीत एकच होती : प्रवाळ मेले की त्याच्या जागी समुद्रातून दुसरे तोडून आणायचे.

(३)
येथे एक कोडे आहे. टाकीच्या तळाशी प्रवाळाचीच वाळू पसरलेली असते, म्हणजे कॅल्शियमचा ढीग असतो. तरीही प्रवाळ उपाशी का? कारण टाकीतील पाण्याचा पीएच ८.१ ते ८.३ च्या आसपास असतो आणि त्या पाण्यात ही वाळू विरघळत नाही. ताट वाढलेले, पण तोंड बांधलेले!

(४)
या कोड्यावरचा पहिला उपाय लोकप्रिय केला पीटर विल्केन्स यांनी. उष्ण समुद्रातील अपृष्ठवंशी प्राणी टाकीत कसे सांभाळावेत, यावरील त्यांचा जर्मन ग्रंथ १९७३ साली प्रसिद्ध झाला. ‘काल्कवासर’ हे जर्मन नाव भारदस्त वाटते, पण वस्तू आपल्या ओळखीची आहे : चुन्याची निवळी. चुना पाण्यात कालवायचा, खाली बसू द्यायचा आणि वरचे नितळ पाणी घ्यायचे. बर्लिनच्या मत्स्यपालकांनी या निवळीला जिवंत खडक, प्रखर दिवे आणि फेसावाटे घाण काढणारे यंत्र यांची जोड दिली. त्यांच्या टाक्यांत ॲक्रोपोरासारखी नाजूक प्रवाळे नुसती टिकली नाहीत, तर वाढली. दीतमार श्ट्यूबर यांच्या टाकीतील ॲक्रोपोराचे तुकडे तर हातोहात दूरदूर पोहोचले.

(५)
मात्र निवळीला मर्यादा होती. चुना पाण्यात विरघळतो लिटरमागे जेमतेम दीड ग्रॅमच्या आसपास. टाकीतून जेवढे पाणी वाफ होऊन उडते, तेवढीच निवळी आत घालता येते. शिवाय तिचा पीएच १२ च्या वर असल्याने ती थेंबथेंबच सोडावी लागते. प्रवाळे वाढली तशी त्यांची भूकही वाढली. निवळी अपुरी पडू लागली.

(६)
शाळेच्या प्रयोगशाळेतील एक प्रयोग येथे आठवावा. चुन्याच्या निवळीत कार्बन डायऑक्साइड सोडला की ती दुधाळ होते, कारण कॅल्शियम कार्बोनेटचा साका तयार होतो. बहुतेक जण तेथेच थांबतात. पण वायू सोडत राहिल्यास ती पुन्हा नितळ होते. जास्तीचा वायू पाण्याला आम्ल करतो आणि साका बायकार्बोनेट होऊन विरघळतो. चुनखडीच्या गुहाही याच रीतीने कोरल्या जातात. कॅल्शियम रिॲक्टर म्हणजे या प्रयोगाचा दुसरा अर्धा भाग.

(७)
१९९० च्या दशकात ड्युसेलडॉर्फच्या लोबेके संग्रहालयाच्या ॲक्वाझूमधील रॉल्फ हेबिंगहाउस यांनी हे तत्त्व मत्स्यालयात आणले. रचना साधी आहे. एका बंद नळकांड्यात मेलेल्या प्रवाळांच्या सांगाड्यांची खडी भरायची, पंपाने टाकीचे पाणी तीतून फिरवत ठेवायचे आणि त्यात मोजके बुडबुडे कार्बन डायऑक्साइडचे सोडायचे. आतला पीएच साधारण ६.५ पर्यंत उतरतो, खडी विरघळू लागते आणि ते पाणी थेंबथेंब टाकीत परत जाते. कॅल्शियम आणि कार्बोनेट दोन्ही नेमक्या त्याच प्रमाणात मिळतात, कारण सांगाडा त्याच प्रमाणात घडलेला असतो. जुन्या प्रवाळांच्या घरांतून नवी घरे उभी राहतात.

(८)
रिॲक्टर निवडताना लोक पाहतात त्याची उंची आणि चकाकी. पाहायला हवे ते वेगळेच. खडी फार बारीक असेल तर तिचा चिखल होऊन प्रवाह तुंबतो. जुन्या सांगाड्यांत फॉस्फेट असेल तर तेही विरघळून टाकीत उतरते आणि शैवाल माजते. वायूची झडप उघडी अडकली तर पीएच कोसळतो. म्हणून पीएच पाहून झडप बंद करणारा नियंत्रक हा चैनीचा भाग नव्हे. खडीने भरलेला दुसरा कप्पा असेल तर उरलेला वायू तेथे खर्ची पडतो, आणि टाकीत येणारे पाणी कमी आम्ल असते.

(९)
याच दशकात हान्स-वेर्नर बालिंग यांच्या नावाची पद्धतही रूढ झाली : कॅल्शियम क्लोराइड आणि बेकिंग सोडा यांची वेगवेगळी द्रावणे मोजून घालायची आणि उरणाऱ्या मिठाचा तोल विशेष क्षाराने साधायचा. लहान टाकीसाठी हीच निवड शहाणपणाची, कारण प्रत्येक घटक स्वतंत्रपणे कमी-जास्त करता येतो. मोठी, प्रवाळांनी गच्च भरलेली टाकी असेल तेथे मात्र रोजची द्रावणे परवडत नाहीत; तेथे रिॲक्टरच हवा.

(१०)
भारतीय वाचकांसाठी एक गोष्ट : भित्ती बांधणारी कठीण प्रवाळे २००१ साली वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या परिशिष्टात आली. आपल्या समुद्रातून ती तोडणे वा विकणे गुन्हा आहे. टाकीतच वाढवून, तुकडे करून, पुन्हा वाढवता येणाऱ्या प्रवाळाचे मोल येथे कळते.

(११)
आणि निवळी? ती गेली नाही. रिॲक्टरमुळे टाकीचा पीएच थोडा उतरतो, निवळीमुळे चढतो. त्यामुळे अनेक पालक आजही दोन्ही एकत्र चालवतात आणि वाफ झालेल्या पाण्याची भर रात्री निवळीने करतात. कारण प्रकाशसंश्लेषण थांबल्यावर टाकीचा पीएच तेव्हाच सर्वांत खाली असतो.