तीन मिनिटांची तबकडी: वऱ्हाडचे शब्द, मुंबईचे मुद्रण

एका गाण्याची स्वतंत्र तबकडी काढून विकण्याचा धंदा भारतात १९०२ साली सुरू झाला. ग्रामोफोन कंपनीचा फ्रेड गायस्बर्ग त्या वर्षी कलकत्त्यात आला, गौहर जान यांना त्याने कर्ण्यासमोर गायला बसवले आणि मुद्रण छपाईसाठी जर्मनीत हॅनोव्हरला पाठवले. कंपनीने १९०८मध्ये कलकत्त्यातच सियालदह येथे कारखाना काढला. पुढे तो डमडमला गेला. हल्ली पॉप किंवा रॉक गायक ज्याला ‘सिंगल’ म्हणतात, त्याचा हा भारतातला पूर्वज. मराठीत तो आधी नाट्यपदांच्या रूपाने आला. बालगंधर्वांचे पद रंगभूमीवर ‘वन्स मोअर’ घेत कितीही लांबे, तबकडीवर मात्र ते तीन मिनिटांत आटोपावे लागे. दहा इंची, मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या तबकडीच्या एका बाजूवर त्याहून फारसे जास्त मावतच नव्हते.

नाटकाचा आधार नसलेले गाणे तबकडीवर विकले जाईल, अशी कंपन्यांना फारशी खात्री नव्हती. रविकिरण मंडळाच्या कवींनी १९२३पासून कविता गाऊन दाखवण्याची प्रथा रुजवली होती. पण ते काव्यगायन होते, त्यात वाद्यमेळाला जागा नव्हती. ही कोंडी फोडली ती वऱ्हाडातल्या दोघांनी. ना. घ. देशपांडे बुलढाणा जिल्ह्यातले, पुढे मेहकरला वकिली करणारे कवी. जी. एन. जोशी खामगावचे, तेही वकिलीचेच शिक्षण घेतलेले. दोघेही १९०९ साली जन्मलेले. देशपांड्यांची ‘शीळ’ ही कविता जोशींनी १९३२च्या सुमारास ग्रामोफोन कंपनीच्या हिज मास्टर्स व्हॉइस या छापासाठी गायली. मराठी भावगीताची सुरुवात बहुतेक अभ्यासक याच तबकडीपासून मानतात. नाटकातला प्रसंग नाही, कथानक नाही, केवळ एक कविता, एक चाल आणि एक गळा.

तोवर विजेवर चालणारे मुद्रण आले होते. १९२५च्या आधी गायकाला कर्ण्यात तोंड घालून ओरडावे लागे. मायक्रोफोन आल्यावर हळू आवाजातले गाणेही पकडता येऊ लागले, आणि भावगीताला नेमके तेच हवे होते. खणखणीत आवाजाच्या नाट्यगायकाचे मायक्रोफोनवाचून अडले नसते. कुजबुजीच्या जवळ जाणाऱ्या गाण्याचे मायक्रोफोनवाचून नक्कीच अडले असते. तरी मुद्रण एकाच दमात करावे लागे. मेणाच्या जाड थाळीवर सुई खाचा कोरत जाई. चूक झाली तर थाळी बाजूला ठेवून पुन्हा पहिल्यापासून, कारण मधलाच तुकडा बदलण्याची सोय नव्हती. मऊ मेणाची थाळी वाजवून पाहिली तर ती खराब होई, म्हणून मुद्रण कसे झाले याचा तिथल्या तिथे निवाडा गायक आणि मुद्रक यांना कानाच्या आठवणीवरच करावा लागे.

मेणाच्या थाळीवर धातूचा मुलामा चढवून साचा काढत, त्यावरून ठसा, आणि ठशाखाली तापवलेल्या मिश्रणाचा गोळा दाबून तबकडी. मिश्रणात लाख, दगडाची पूड, काजळी आणि थोडा कापसाचा धागाही असे. लाख पळस, बोर आणि कुसुमाच्या झाडांवरच्या किड्यांची. कापूस पिकवणाऱ्या यवतमाळ जिल्ह्याला आणि पळसाची वाण नसलेल्या विदर्भाला या मालात परके काही नव्हते. परका होता तो कारखाना. गाणे वऱ्हाडात लिहिले जाई, मुंबईत मुद्रित होई, बंगालमध्ये छापले जाई आणि मगच व्यापाऱ्यांच्या हातून परत वऱ्हाडात येई.

ऐकणाऱ्याला विजेची गरज नव्हती. चावी फिरवली की स्प्रिंगवर फोनो, म्हणजे ग्रामोफोनचे यंत्र, चाले, त्यामुळे वीज न पोहोचलेल्या गावांतही गाणे पोहोचले. पोलादी सुई मात्र एक बाजू वाजली की बदलायची असे. काटकसरी माणसे ती बरीच पुढे रेटत आणि तबकडीच्या खाचा झिजवत. चिंतामणीचे कळंब घ्या किंवा यवतमाळजवळचे दुसरे कुठलेही बाजाराचे गाव. अशा ठिकाणी फोनो आधी सधन घरात आणि हॉटेलात पोहोचला, तर सामान्य माणसाने तबकडी विकत घेण्याआधी ती लग्नमांडवाच्या कर्ण्यावर ऐकली, असेच समजणे योग्य. १९४८च्या जुलैमध्ये नागपूरचे आकाशवाणी केंद्र सुरू झाल्यावर तबकडी न घेताच गाणे घरात येऊ लागले.

‘शीळ’नंतर भावगीताचा बाजार वाढला. गजाननराव वाटव्यांनी गायलेले ‘गगनि उगवला सायंतारा’ कवी अनिलांचे, म्हणजे पुन्हा वऱ्हाडचेच, अनिल मूर्तिजापूरचे. ओडियन, कोलंबिया आणि मुंबईची यंग इंडिया या कंपन्यांनीही मराठी गायकांना जागा दिली. जोशी स्वतः १९३८मध्ये हिज मास्टर्स व्हॉइसच्या नोकरीत शिरले आणि गाणाऱ्याचे गाणे मुद्रित करणारे झाले. शिवकुमार शर्मा, हरिप्रसाद चौरसिया आणि ब्रिजभूषण काबरा यांची १९६७ची ‘कॉल ऑफ द व्हॅली’ ही जगभर गाजलेली तबकडी त्यांच्याच देखरेखीखाली निघाली. मराठी भावगीताच्या इतिहासात हा बदल जितका सांगितला जातो त्याहून महत्त्वाचा आहे: काय मुद्रित व्हावे हे ठरवणाऱ्या खुर्चीत एक गायक बसला.

लाखेची तबकडी १९७०च्या सुमारास बंद झाली. तिची जागा व्हिनाइलच्या छोट्या, ४५ फेऱ्यांच्या तबकडीने आणि मोठ्या एलपीने घेतली. अमरावतीच्या सुरेश भटांची, हृदयनाथ मंगेशकरांच्या चालींतली गाणी लता मंगेशकर आणि आशा भोसले यांच्या आवाजात याच काळात घरोघरी गेली. ऐंशीच्या दशकात कॅसेट सर्वत्र पसरली. ती स्वस्त होती, घरच्या घरी उतरवून घेता येत होती आणि चोरीला तर फारच सोयीची. एकेका गाण्याऐवजी आठ-दहा गाण्यांचा संच विकण्याची रीत तिनेच पक्की केली.

संगणकावरचे मुद्रण आणि इंटरनेटवरचे प्रकाशन आल्यावर एकेकटे गाणे पुन्हा धंद्याचे मुख्य रूप झाले. पूर्वी तबकडीच्या कागदावर कंपनीचा क्रमांक छापत. आता प्रत्येक मुद्रणाला बारा अक्षरी आयएसआरसी क्रमांक मिळतो. त्यात देश, नोंदणीदार आणि वर्ष यांच्या खुणा असतात. प्रकाशनासाठी मुंबईला किंवा डमडमला जावे लागत नाही. वितरण करणारी कंपनी ध्वनिमुद्रण सगळ्या मंचांवर एकाच दिवशी चढवते. कळंबमधल्या गायकालाही ते घरी बसून करता येते. हक्कांची बाजूही बदलली आहे. पूर्वी कवी आणि संगीतकार अनेकदा एकदाच मिळणाऱ्या रकमेवर आपले हक्क लिहून देत. २०१२च्या कॉपीराइट दुरुस्तीने गीतकार आणि संगीतकार यांना वापराच्या मानधनातला समान वाटा दिला आणि तो वाटा वारस किंवा हक्कसंस्था सोडून दुसऱ्या कोणालाही देऊन टाकता येणार नाही, असे ठरवले.