नर पतंगाचे वीर्यद्रव आणि कामगंध सापळा : एका दुर्लक्षित संशोधनाचा इतिहास

नांदेड परिसरातील कपाशी व लातूर परिसरातील तूर या दोन्ही पिकांत कामगंध सापळा आता अपरिचित राहिलेला नाही. तुरीवरील घाटेअळी आणि कपाशीवरील अमेरिकन बोंडअळी ही वस्तुतः एकच कीड होय. नावात अमेरिका असली तरी हेलिकोव्हर्पा आर्मिजेरा ही मूळची जुन्या जगातील. सापळ्यातील ल्यूरमध्ये मादीच्या गंधाची कृत्रिम प्रतिकृती असते. त्या गंधाने नर पतंग आकर्षित होतात व त्यांच्या संख्येवरून किडीचा अंदाज बांधला जातो. मात्र समागमानंतर मादीचा गंध ओसरतो, ही बाब सहसा चर्चेत येत नाही. तो का ओसरतो, या प्रश्नाचे उत्तर मिळण्यास विज्ञानाला बराच काळ लागला.

डार्विनने १८७१ मध्ये लैंगिक निवडीचा सिद्धांत सविस्तर मांडला, तेव्हा नरांमधील स्पर्धा समागमापाशी संपते असेच गृहीत होते. वीर्यद्रव म्हणजे शुक्राणू वाहून नेणारे माध्यम, एवढीच त्याची ओळख होती. या समजुतीला डासांवरील प्रयोगांनी तडा गेला. जॉर्ज क्रेग यांनी १९६७ मध्ये असे दाखविले की, एडीस इजिप्ती डासाच्या नराच्या सहायक ग्रंथींतील द्रव्यामुळेच मादी पुन्हा समागमास नकार देते. त्या द्रव्यास त्यांनी 'मॅट्रोन' हे नाव दिले.

तीनच वर्षांनी, १९७० मध्ये, जेफ्री पार्कर यांचा कीटकांतील शुक्राणू-स्पर्धेवरील निबंध प्रसिद्ध झाला. त्यांचा अभ्यासविषय होता शेणावर जमणारी पिवळी माशी. शेणाच्या पोवाभोवती तासन्तास बसून केलेल्या या निरीक्षणांनी उत्क्रांतिशास्त्राची एक शाखा उभी केली, हे ग्रामीण महाविद्यालयांतील अभ्यासकांनी आवर्जून लक्षात घ्यावे असे आहे. किरणोत्साराने वंध्य केलेला नर व सामान्य नर यांचा एकाच मादीशी क्रमाने समागम घडवून पार्कर यांनी पितृत्व मोजले. नंतर येणाऱ्या नराच्या वाट्याला सुमारे ८० टक्के अंडी जातात असे आढळले. म्हणजेच मादीच्या देहात दोन नरांचे शुक्राणू एकमेकांशी स्पर्धा करतात, आणि मादीचे पुनर्मीलन रोखण्यात पहिल्या नराचा थेट लाभ असतो.

१९८८ मध्ये फळमाशीच्या वीर्यद्रवातील ३६ अमिनो आम्लांचे 'सेक्स पेप्टाइड' ओळखले गेले. त्याच्या प्रभावाने मादी अधिक अंडी घालते व इतर नरांना झिडकारते. १९९५ मध्ये ट्रेसी चॅपमन व सहकाऱ्यांनी या व्यवहाराची दुसरी बाजू पुढे आणली : सहायक ग्रंथींच्या स्रावांमुळे मादीचे आयुष्य घटते. नराचा लाभ तो मादीचाही लाभ, हे गृहीतक येथे कोसळले. त्याच वर्षी अशोक रैना यांचा सहभाग असलेल्या अमेरिकेतील गटाने हेलिकोव्हर्पा झिया या घाटेअळीच्या भावंड-जातीत मादीचा गंध थांबविणारे पेप्टाइड शोधले. तेही नराच्या सहायक ग्रंथींतूनच येते.

या इतिहासाचा संबंध गुलाबी बोंडअळीशीही पोहोचतो. तिचे पहिले शास्त्रीय वर्णन १८४३ मध्ये भडोचहून गेलेल्या नमुन्यांवरून झाले. २००२ मध्ये बीटी कपाशी आली, २००६ मध्ये तिची दुसरी पिढी आली, आणि २०१७ च्या हंगामात याच अळीने महाराष्ट्रातील बोंडे पोखरली. अमेरिकेत मात्र बीटी कपाशी, गंधद्रव्ये व वंध्य नर यांच्या संयुक्त वापराने २०१८ मध्ये तिचे निर्मूलन जाहीर झाले. वंध्य नराचे शुक्राणू निकामी असतात. परंतु त्याचे वीर्यद्रव दुबळे पडले तर मादी पुन्हा दुसऱ्या नराकडे वळू शकते व सारा खटाटोप वाया जाऊ शकतो.

सापळ्यातील नरांची मोजणी माद्यांविषयी मौन पाळते. प्रकाश सापळ्यात माद्याही येतात. पतंगवर्गीय मादीच्या उदरात प्रत्येक यशस्वी समागमामागे साधारणतः एक शुक्राणूपुटी राहते आणि ती साध्या विच्छेदन सूक्ष्मदर्शकाखाली मोजता येते. पदवी वर्गांच्या प्रात्यक्षिकांत झुरळाची छत्रग्रंथी वर्षानुवर्षे काढून दाखविली गेली, तिची आकृतीही नावे देऊन काढली गेली. तुरीच्या फुलोऱ्यात पकडलेल्या घाटेअळीच्या माद्यांपैकी किती एकदाच मीलित आणि किती अनेकदा, ही नोंद ठेवण्यास त्याच प्रयोगशाळेतील तेच टेबल पुरेसे आहे.