गॅसची गोळी स्वस्त झाली, मग आपलं बिल का वाढलं?

देवबागात कुठल्याही घरातला औषधांचा डबा उघडा. बीपीची गोळी, साखरेची गोळी आणि जोडीला "गॅसची गोळी". बाकीच्यांची नावं लोक अडखळत का होईना सांगतात. या गोळीला नावच नसतं. मालवणच्या मेडिकलमध्ये "गॅसची" म्हटलं की पट्टी समोर येते. किती वर्षं घेताय असं विचारलं की उत्तर ठरलेलं: "खूप वर्सां झाली. नाय घेतली तर पोटात आग पडता."

ही गोळी गॅसची नाही, ॲसिड कमी करणारी आहे. जठरातलं ॲसिड वर अन्ननलिकेत येतं तेव्हा छातीत जळजळतं, घशाशी आंबट येतं. पोट फुगणं, ढेकर, अपचन, अल्सर या वेगळ्या गोष्टी. आपण सगळ्यांना मिळून "पित्त" म्हणतो आणि सगळ्यांवर एकच गोळी खातो. ही गोळी आली कुठून, एवढी स्वस्त कशी झाली आणि स्वस्त होऊनही महिन्याचा खर्च का वाढतो, हे एकदा सविस्तर लिहायचं होतं. पोस्ट लांब आहे. चहा घेऊन बसा (ॲसिडिटी असेल तर चहा राहू दे).

दुखणं जुनंच आहे. चरकसंहितेत अम्लपित्ताचं वेगळं प्रकरण नाही, पण काश्यपसंहितेत आणि माधवनिदानात त्याचं स्वतंत्र वर्णन आहे. नव्या औषधांआधी डॉक्टरांकडेही फार काही नव्हतं. दर थोड्या वेळाने दूध प्यायचं, खडूसारखी पावडर घ्यायची आणि अल्सर चिघळला तर ऑपरेशन. माझ्या लहानपणी गावात मुंबईच्या गिरणीतून परतलेले एक-दोन चाकरमानी होते, पोटावर उभा टाका असलेले. "अर्धा पोट कापून काढलां" असं ते सांगायचे आणि आम्ही पोरं तो टाका बघायला जायचो. आज अल्सरसाठी तसं ऑपरेशन क्वचितच होतं. त्याला कारण दोन शोध.

पहिला जेम्स ब्लॅक या स्कॉटिश शास्त्रज्ञाचा. जठराला ॲसिड सोडायचा निरोप हिस्टामिन देतं, तो निरोपच अडवायचा, ही त्याची कल्पना. त्यातून १९७६ साली ब्रिटनमध्ये सिमेटिडीन बाजारात आलं. १९८१ मध्ये ग्लॅक्सोने रॅनिटिडीन आणलं, आणि १९८८ मध्ये ब्लॅकना नोबेल मिळालं. त्याच वर्षी स्वीडनच्या ॲस्ट्रा कंपनीचं ओमेप्राझोल आलं. ते निरोप अडवत नाही, ॲसिड सोडणारा पंपच बंद करतं. आपलं पँटोप्राझोल, राबेप्राझोल, इसोमेप्राझोल सगळी याच घराण्यातली.

दुसरा शोध ऑस्ट्रेलियातल्या पर्थचा. रॉबिन वॉरेन आणि बॅरी मार्शल यांनी दाखवलं की बऱ्याचशा अल्सरमागे हेलिकोबॅक्टर पायलोरी नावाचा जंतू असतो. कोणी विश्वास ठेवेना, म्हणून मार्शलनी १९८४ मध्ये तो जंतू स्वतःच पिऊन घेतला आणि आजारी पडून दाखवलं. २००५ मध्ये दोघांना नोबेल मिळालं. पैशाच्या हिशेबात ही गोष्ट फार मोठी आहे. जंतूमुळे झालेला अल्सर साधारण दोन आठवड्यांच्या अँटिबायोटिकच्या कोर्सने बरा होऊ शकतो, जन्मभर गोळी लागत नाही. पण त्यासाठी तपासणी करायला हवी आणि कोर्स पुरा करायला हवा.

आता स्वस्ताईकडे येऊ.

स्वातंत्र्यानंतरही आपल्याकडे १९११ चा इंग्रजांचा पेटंट कायदा चालू होता. औषधाच्या मालकाला १६ वर्षं मक्तेदारी. तेव्हा भारतातल्या औषधांच्या किमती जगातल्या सर्वात महाग किमतींपैकी आहेत, असं अमेरिकन सिनेटच्या केफॉव्हर समितीनेच नोंदवून ठेवलंय. १९५९ मध्ये न्यायमूर्ती राजगोपाल अय्यंगार यांनी सरकारला अहवाल दिला, त्यावर दहा वर्षं चर्चा झाली आणि १९७० चा पेटंट कायदा झाला. तो २० एप्रिल १९७२ पासून लागू झाला. त्यातली मेख अशी, की औषध या वस्तूवर पेटंट नाही, फक्त ते बनवायच्या पद्धतीवर आणि तेही जास्तीत जास्त ७ वर्षं. दुसऱ्या पद्धतीने तेच औषध बनवा, तुम्हाला कोणी अडवणार नाही.

या लढाईत मुंबई मोठी होती. ख्वाजा अब्दुल हमीद यांनी १९३५ मध्ये मुंबईत सिप्ला काढली. देशी कंपन्यांची संघटना १९६१ मध्ये मुंबईतच उभी राहिली. ख्वाजासाहेबांचे चिरंजीव युसूफ हमीद एक किस्सा सांगत आलेत. सिप्लाने प्रोप्रॅनोलॉल हे हृदयाचं औषध बनवलं तेव्हा मूळ मालक असलेल्या आयसीआय या ब्रिटिश कंपनीने तक्रार केली, आणि प्रकरण थेट इंदिरा गांधींपर्यंत गेलं. हे प्रोप्रॅनोलॉलही जेम्स ब्लॅक यांचंच. म्हणजे बीपीची जुनी गोळी आणि पित्ताची नवी गोळी एकाच माणसाच्या डोक्यातून निघाली आणि दोन्ही आपल्यापर्यंत स्वस्तात आल्या त्या एकाच कायद्यामुळे.

रॅनिटिडीन ऐंशीच्याच दशकात देशी कंपन्या बनवू लागल्या. ओमेप्राझोलचं तर असं, की अमेरिकेत दुसऱ्या कंपनीचं ओमेप्राझोल दुकानात यायला २००२ साल उजाडलं. आपल्याकडे ते नव्वदच्या दशकात गावोगावी मिळत होतं. १ जानेवारी २००५ पासून आपल्याला पुन्हा वस्तूवर पेटंट द्यावं लागतंय, पण तोवर ही सगळी औषधं आपल्या कारखान्यांत रुळली होती.

इथपर्यंत गोष्ट अभिमानाची. पुढे ती बिघडते.

औषध एकच आणि बनवणारे शेकडो, तर स्पर्धा किमतीत व्हायला हवी होती. ती झाली नावात. प्रत्येक कंपनीने आपलं नाव काढलं, ते नाव डॉक्टरांच्या पेनात बसवायला माणसं फिरवली, आणि त्या फिरण्याचा खर्च पट्टीच्या किमतीत चढला. १९७५ च्या हाथी समितीने ब्रँडची नावं हळूहळू काढून टाका असं सुचवलं होतं. पुढे सरकारने मोजक्या औषधांपुरता प्रयत्न केला, तो कोर्टात अडकला. पुण्याचे डॉ. अनंत फडके आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नव्वदच्या दशकात सातारा जिल्ह्यातल्या औषधवापराचा अभ्यास करून गरज नसलेल्या औषधांवर किती पैसा वाया जातो ते मांडलं. अगदी अलीकडे, ऑगस्ट २०२३ मध्ये, डॉक्टरांनी जेनेरिक नावच लिहावं असा नियम निघाला आणि त्याच महिन्यात स्थगित झाला. पन्नास वर्षांत आपण एवढंच पुढे आलो.

दुसरी गोम सरकारी भावबंदीत आहे. २०१३ च्या औषध किंमत नियंत्रण आदेशानुसार अत्यावश्यक यादीतल्या औषधांना कमाल किंमत असते. यादीबाहेरच्या औषधाची किंमत कंपनी स्वतः ठरवते आणि वर्षाला १० टक्क्यांपर्यंत वाढवू शकते. नुसतं ओमेप्राझोल यादीत आहे. पण आपल्या डब्यात बहुतेक वेळा असते ती जोडगोळी, म्हणजे पँटोप्राझोल अधिक डोमपेरिडोन. नावापुढे "डी" दिसतो तो हाच. ती या यादीत नाही.

आणि हा "डी" फक्त खिशाचा प्रश्न नाही. डोमपेरिडोन हे मळमळ-उलटीचं औषध. त्याने काहींच्या हृदयाच्या ठोक्यांची लय बिघडू शकते, म्हणून युरोपच्या औषध नियामकाने २०१४ मध्ये बजावलं: दिवसाला ३० मिलिग्रॅमपेक्षा जास्त नको आणि शक्यतो आठवड्यापेक्षा जास्त दिवस नको. आपल्याकडच्या कॅप्सूलमध्ये बहुधा ३० मिलिग्रॅमच असतं, आणि आपण ती वर्षानुवर्षं खातो. साठीच्या पुढचे, हृदयाचे रुग्ण आणि इतर औषधं चालू असलेले लोक यांनी तर डॉक्टरांना सरळ विचारावं: डॉक्टर, माका ह्या "डी"ची गरज आसा काय?

मग नुसती साधी गोळी किती दिवस? छातीत जळजळीसाठी कोर्स साधारण ४ ते ८ आठवड्यांचा असतो. अमेरिकेत ओमेप्राझोल चिठ्ठीशिवाय मिळतं, पण पाकिटावर लिहिलेलं असतं: १४ दिवस, आणि पुढचा कोर्स ४ महिन्यांनी. आपल्या पट्टीवर चिठ्ठीवरच विकायची सूचना असते आणि चिठ्ठी न बघता ती जन्मभर मिळते.

"सोडली की आग पडता" हे मात्र खरं आहे, त्यात ढोंग नाही. २००९ मध्ये डेन्मार्कमधल्या संशोधकांनी पोटाची काही तक्रार नसलेल्या १२० लोकांवर प्रयोग केला. एका गटाला ८ आठवडे या घराण्यातली गोळी दिली आणि मग बंद केली. त्यांच्यातल्या ४४ टक्के लोकांना पुढच्या चार आठवड्यांत जळजळ-आंबट असा त्रास झाला. खोटी गोळी दिलेल्या गटात हे प्रमाण १५ टक्के. म्हणजे धडधाकट माणसालाही गोळी सोडल्यावर पित्त होतं. बरेच दिवस दाबून ठेवलेलं जठर मोकळं झालं की जास्त ॲसिड सोडतं. काही आठवड्यांत ते जागेवर येतं. पण तेवढ्या दिवसांत आपण ठरवून मोकळे होतो की गोळीशिवाय आपलं चालणार नाही. म्हणून एकदम न तोडता डॉक्टरांना विचारून कमी करत जायचं: आधी कमी ताकदीची, मग एक दिवसाआड, आणि मध्ये त्रास झालाच तर पातळ अँटासिड.

काहींनी मात्र ही पोस्ट वाचून गोळी अजिबात बंद करायची नाही. ॲस्पिरिन किंवा रक्त पातळ करणारी गोळी चालू असलेले, सांधेदुखीच्या गोळ्या रोज घेणारे, कधी पोटात रक्तस्राव झालेले. त्यांच्यासाठी ही गोळी संरक्षण आहे. हृदयासाठी क्लोपिडोग्रेल चालू असेल तर सोबत ओमेप्राझोल नको, दुसरं कुठलं चालेल ते डॉक्टर ठरवतील. आणि वर्षानुवर्षं घेणाऱ्यांनी बी-१२, मॅग्नेशियम आणि मूत्रपिंडाची तपासणी अधूनमधून करावी.

घ्यायची तर नीट घ्यावी. जेवणाआधी अर्धा तास, शक्यतो सकाळी उपाशीपोटी, न चावता, न कुटता. पंप जेवणाच्या वेळी चालू होतात, गोळी तेव्हा रक्तात पोचलेली पाहिजे. जेवल्यावर, झोपताना, आठवेल तेव्हा घेतली तर निम्मा पैसा पाण्यात.

रॅनिटिडीनबद्दल वेगळं सांगायला हवं, कारण जुन्या लोकांचा तिच्यावर जीव आहे. २०१९ मध्ये तिच्यात एनडीएमए नावाचा, कॅन्सरची शक्यता असलेला घटक सापडला. गोळी जुनी होत गेली आणि उष्णतेत राहिली तर तो वाढतो, असं आढळल्यावर एप्रिल २०२० मध्ये अमेरिकेने ती बाजारातून काढायला लावली. आपल्याकडे २०२२ च्या अत्यावश्यक यादीतून ती वगळली, विक्री मात्र चालू आहे. आपल्या दमट हवेत चुलीवरच्या फळीवर ठेवलेली जुनी पट्टी असेल तर ती टाकून द्या.

आता पैसे. समजा गोळी १२ रुपयांची आहे. रोज एक धरली तर वर्षाला ४,३८० रुपये, घरात दोघं घेत असतील तर दुप्पट. होडीवर किंवा होमस्टेवर काम करणाऱ्याच्या घरात ही रक्कम छोटी नाही, त्यात जून-जुलै मासेमारी बंद. पहिला रस्ता सरकारी दवाखान्याचा. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत उपचार मोफत आहेत. ॲसिडची साधी गोळी तिथे मागा. दुसरा रस्ता जनऔषधी केंद्राचा. ही योजना २००८ मध्ये सुरू झाली, आणि "जनऔषधी सुगम" ॲपवर जवळचं केंद्र आणि किंमत दोन्ही दिसतं. जाताना ब्रँडचं नाव नेऊ नका, पट्टीवर बारीक अक्षरात छापलेलं औषधाचं नाव आणि मिलिग्रॅम लिहून न्या. तिसरी गोष्ट, साध्या मेडिकलमध्ये "जेनेरिक" म्हणून मिळणाऱ्या पट्टीवरही कधीकधी छापील किंमत ब्रँडएवढीच असते आणि सूट किती द्यायची ते दुकानदार ठरवतो. तेव्हा छापील किंमत बघून खूश किंवा नाराज होऊ नका, हातात किती सूट पडते ते विचारा.

बिनपैशाचे उपायही आहेत. झोपायच्या आधी तीन तास जेवण आटपा. खाटेचे डोक्याकडचे पाय विटांवर घेऊन अर्धा फूट उचला, नुसती उशी वाढवून उपयोग नाही. डाव्या कुशीवर झोपा. पोटाचा घेर कमी करा, तंबाखू-मशेरी सोडा. सीझनमध्ये रात्री अकराला पर्यटकांचं आटपून मग स्वतः जेवणाऱ्यांना हे अवघड आहे, मला माहीत आहे. सोलकढीचं विचाराल तर आवडते म्हणून प्या. ती आंबट आहे, काहींना बरं वाटतं, काहींना उलट त्रास होतो. खायचा सोडा मात्र रोज नको, बीपीवाल्यांना तर नकोच, त्यात सोडियम असतं.

आणि काही वेळा गोळी शोधत बसायचं नाही. काळी शी, रक्ताची उलटी, घास अडकणं, कारण नसताना वजन उतरणं, यासाठी लगेच डॉक्टर. छातीत जळजळीसोबत घाम, जबडा किंवा डावा हात दुखणं, दम लागणं असेल तर ते पित्त समजू नका, १०८ ला फोन करा. देवबागातून बाहेर पडायला रस्ता एकच आहे, तेव्हा "जरा बघूया" करत अर्धा तास घालवू नका.

पुढच्या ग्रामसभेत एक साधी मागणी मांडायचा विचार आहे: गावात आठवड्यातून एकदा येणाऱ्या आरोग्य कर्मचाऱ्यांकडे ही साधी गोळी आणि बीपीच्या गोळ्या मिळाव्यात. त्यासाठी घरातली औषधांची जुनी बिलं असतील तर नाव-नंबर झाकून फोटो इनबॉक्समध्ये पाठवा. पट्टीची मागची बाजूही हवी, औषधाचं खरं नाव तिथेच छापलेलं असतं.