चेताजालांच्या शिक्षणात यदृच्छेचे स्थान

शिक्षण म्हणजे अव्यवस्थेकडून व्यवस्थेकडे होणारा प्रवास, अशी सर्वसाधारण समजूत आहे. कृत्रिम चेताजालांच्या इतिहासात मात्र यदृच्छा हीच शिक्षणाचे साधन ठरलेली दिसते. हे साधनत्व सर्व काळी एकाच प्रकारचे नव्हते, हे दाखविणे हा प्रस्तुत टिपणाचा हेतू होय.

इ. स. १९५८ मध्ये फ्रँक रोझेनब्लॅट यांनी 'पर्सेप्ट्रॉन'विषयीचा आपला निबंध प्रसिद्ध केला. पुढे बफेलो येथील कॉर्नेल एअरोनॉटिकल लॅबोरेटरीत उभारलेल्या यंत्रात ४०० प्रकाशसंवेदक ५१२ घटकांशी यदृच्छया जोडलेले होते. जन्मकाळी मेंदूतील जोडण्या बव्हंशी यादृच्छिक असतात व अनुभवाने त्यांना वळण लागते, हा विचार त्यामागे होता. यदृच्छा हे येथे मेंदूविषयीचे गृहीतक होते.

१९८६ मध्ये रुमेलहार्ट, हिंटन व विल्यम्स यांनी त्रुटीच्या प्रतिप्रसारणाची पद्धत विवरून सांगितली. या पद्धतीत एका स्तरातील सर्व घटकांचे आरंभीचे भार समान ठेवले, तर प्रत्येकास एकच दुरुस्ती मिळते. मग शंभर घटकही एकाचेच काम करीत राहतात. हे साम्य मोडण्यासाठी आरंभीचे भार यादृच्छिक घ्यावे लागतात. गृहीतकाच्या जागी आता गणिती गरज आली.

२०१२ मध्ये हिंटन व त्यांच्या टोरांटो येथील सहकाऱ्यांनी प्रत्येक उदाहरणाच्या वेळी सुमारे निम्मे अंतःस्थ घटक यदृच्छया निष्क्रिय करण्याचा मार्ग सुचविला. त्यामुळे कोणत्याही घटकास ठराविक सोबत्यांवर विसंबता येत नाही, आणि निव्वळ पाठांतराची प्रवृत्ती कमी होते. येथे यदृच्छा ही शिस्त झाली.

भाषाभ्यासकाने या ठिकाणी सावध असावे. पतंजलीचा 'यदृच्छाशब्द' आणि सोस्यूरप्रणीत चिन्हाची यादृच्छिकता यांत अभिप्रेत आहे ती शब्द व अर्थ यांच्या संबंधाची अकारणता. संख्याशास्त्रातील यदृच्छा संभाव्यतेचे नियम पाळते. संगणकात तर बहुधा ती एका बीजसंख्येवरून काटेकोरपणे निर्माण केली जाते. बीज तेच, तर अनुक्रमही तोच. बीज बदलताच त्याच सामग्रीवर शिकलेले जाल निराळे वळण घेऊ शकते. म्हणून एखाद्या जालास अमुक व्याकरणनियम अवगत झाला, असे एकाच बीजाच्या आधारे म्हणणे म्हणजे एका निवेदकाच्या बोलीवरून संपूर्ण भाषेचे व्याकरण रचण्यासारखे आहे. अनेक बीजांनी टिकणारा निष्कर्षच पुराव्याच्या पदवीस पोहोचतो.